एका छटेचा फरक

बोरजाईच्या वाडीत दातगाडी आली त्या सकाळी निवृत्त हवालदार हिंदुराव कणसे यांनी दाढी दोनदा केली. एकदा पहाटे, नेहमीच्या शिरस्त्याने, आणि एकदा न्याहारीनंतर, हनुवटीखाली दोन केस राहिल्याचा संशय आला म्हणून. मग त्यांनी पलटणीचा बिल्ला लावलेली टोपी काढली, बाहीने पुसली आणि आरशात बघून किंचित तिरकी बसवली.

"दात दाखवायला निघालाय का पोरगी बघायला?" शालनबाईंनी ओट्यापासूनच विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. छावणीचा प्रश्न हाय."

शालनबाईंना चांगलं कळत होतं. गेला महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता.

हिंदुराव अडुसष्ट वर्षांचे होते. सैन्यात सतरा वर्षं काढून, अजून मिशी काळी असतानाच ते घरी आले, त्याला तीस वर्षं उलटून गेली. म्हणजे फौजेपेक्षा वाडीतच त्यांचं आयुष्य जास्त गेलं होतं. पण हे त्यांच्या पांघरुणाला कोणी सांगितलं नव्हतं. ते अजून रोज पहाटे चौकोनी घडी होऊन उशाशी बसे. चपला भिंतीला लागून एका रेषेत उभ्या राहत. जेवण झालं की ताट ते स्वतः धूत, आणि पाहुण्याने आपलं ताट तसंच ठेवलं तर त्याच्याकडे अशा नजरेने बघत की तो बिचारा दुसऱ्या दिवशी हॉटेलात जेवे. वाडीत घराआड एक फौजी असल्यामुळे या वागण्याचं कोणाला नवल नव्हतं.

आता दातगाडीचं सांगायला हवं. दात हाडात घट्ट राहावा म्हणून त्याच्या मुळावर सिमेंटसारखा एक पातळ थर असतो. दाताचा वरचा भाग एकदा घडला की घडला, पण हा थर मरेपर्यंत वाढत राहतो, दर वर्षाला एक वलय, झाडाच्या बुंध्यात वाढतं तसं. शास्त्रज्ञांना हे पूर्वीच ठाऊक होतं. जंगलात मेलेल्या हरणाचं वय ते दात चिरून, वलयं मोजून सांगत. पुढे कळलं की सगळी वलयं सारखी नसतात. ज्या वर्षी शरीर फार ताणाखाली असतं त्या वर्षीचं वलय गडद उमटतं, निवांत वर्षीचं फिकट. अडचण एवढीच होती की हे बघायला दात उपटून चिरावा लागे, आणि नुसत्या कुतूहलापायी आपला दात कोण देणार? मग दहाएक वर्षांपूर्वी हिरडीतून आरपार जाणारा एक बारीक प्रकाशझोत हाती आला. दात तोंडातच ठेवून माणसाची बरीवाईट वर्षं वाचता येऊ लागली.

लोकांनी त्याचं काय काय केलं ते विचारू नका. बैल घेताना दात बघायची रीत जुनीच होती. ती आता नवरदेवापर्यंत पोचली. सुनांनी आपली वलयं सासूपुढे ठेवली, सासवांनी त्यांच्याहून काळी काढून दाखवली. पण खरा उपयोग निघाला तो म्हातारपणाला. ज्या काळातली वलयं फिकट, त्या काळासारखी राहणी उतारवयात माणसाला परत दिली तर झोप सुधारते, रक्तदाब उतरतो आणि शरीराची झीज मंदावते, असं दिसून आलं. कोणासाठी जुन्या वसतिगृहासारख्या खोल्या झाल्या, कोणासाठी बोटीवरच्यासारख्या. माजी सैनिकांसाठी घाटावरच्या एका पठारावर छावणी उभी राहिली. बराकी, लंगर, पहाटेची हजेरी, संध्याकाळचा व्हॉलीबॉल. बायकामुलांना तिथे राहायची परवानगी नव्हती, कारण तेव्हाही नव्हती.

वाडीतून पहिला नंबर लागला तो सुभेदार भोईट्यांचा. महिनाभराने ते दोन दिवसांच्या सुट्टीवर आले ते गाल वर काढून. साखर उतरली म्हणाले, गुडघा वाकतोय म्हणाले. हिंदुरावांना रात्री जेवण गेलं नाही. भोईट्यांनी सगळी नोकरी भांडारात ब्लँकेटं मोजण्यात घालवली होती. त्यांची निवड होते, तर हिमनदीवरच्या चौकीत राहून डाव्या पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आलेल्या माणसाची का होऊ नये? ज्याने जास्त सोसलं त्याला आधी घेतात, असा सगळ्या वाडीचा समज होता. आपली वलयं कोळशासारखी निघणार याबद्दल हिंदुरावांना तिळमात्र शंका नव्हती.

गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी होती. आत डॉक्टर नाझनीन मुजावर होत्या, तिशीच्या, मिरजेच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी हिंदुरावांना खुर्चीत बसवून गालात एक चपटी काडी धरायला दिली. काडी तोंडात असल्यामुळे हिमनदीची हकीकत सांगता येईना, आणि तेवढा वेळ हिंदुराव फार अस्वस्थ होते. काडी निघताच त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, पंचविशीतलं साल बघा. वरची चौकी. श्वास घ्यायला हवा न्हाई, डोळ्याच्या पापण्या चिकटायच्या. दहा माणसं आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. तिथलं वलय कसं आलंय?"

डॉक्टरांनी पडद्यावर ते वलय मोठं केलं. ते पांढरं होतं. नुसतं फिकट नाही, तांदळाच्या पिठाने काढल्यासारखं पांढरं.

"यंत्र बिघडलंय," हिंदुराव म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, काका."

"मग साल चुकलं असंल."

"सालही तेच आहे." डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "दाताला थंडी कळत नाही. त्याला कळते धास्ती. आता काहीतरी वाईट होणार आणि आपल्या हातात काही नाही, असं अंगाला महिनोन्‌महिने वाटत राहिलं की वलय काळवंडतं. तुमच्या हातात काम होतं. शेजारी भरवशाची माणसं होती. उद्या काय करायचं ते ठरलेलं होतं. तुमची बोटं गेली हे खरं, पण शरीर तिथे निवांत होतं. या सगळ्या तालुक्यात एवढं पांढरं वलय मी पाहिलेलं नाही."

आयुष्यभर ज्या कष्टाच्या जोरावर आपण गावात चार शब्द मोठ्याने बोललो, त्या कष्टाला आपलाच दात साक्ष देईना. त्याहून वाईट म्हणजे दात खोटं बोलत नव्हता. हे हिंदुरावांना आतून ठाऊक होतं. वर चौकीवर ते सुखात होते. घरी आजारी आई होती, दोन वर्षांची पोर होती, शालन एकटी सगळं रेटत होती, आणि हे दहा जणांच्या दाटीत पत्ते कुटत, शिळ्या विनोदांना पोट धरून हसत होते. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. थंडी आणि बोटं एवढंच सांगत आले होते, कारण हसल्याचं सांगायची लाज वाटे.

"आणि ह्ये काय?" त्यांनी पडद्यावरच्या एका काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं, पण ते कुठलं साल हे त्यांना न सांगताच कळलं होतं.

ते निवृत्तीनंतरचं पहिलं साल होतं. सदतीस वर्षांचा धडधाकट गडी, आणि पहाटे उठून करायला काही नाही. भाऊ शेती बघत होता, त्यात यांनी हात घातला की बिघडे. ते रोज इस्त्रीची पँट घालून, काम बघायला जातो असं घरी सांगून एसटी स्टँडवर जाऊन बसत आणि दुपारी परत येत. पुढच्या वर्षी साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली आणि त्यातून सुटका झाली. पण ते एक साल त्यांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना माहीत.

"कष्टाच्या वलयांवर निवड होत नाही, काका. फिकट वलयांवर होते," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांचं शरीर तिथे शांत होतं त्यांनाच तिथे परत नेऊन फायदा. तुमचा फायदा तर चांगलाच होईल. आधी आठवडाभर राहून बघा, मग होकार कळवा. आयुष्यात किती भर पडेल ते छातीठोक सांगता येत नाही, पण पडेल."

घरी येऊन हिंदुरावांनी फक्त "निवड झाली" एवढंच सांगितलं. वलयाचा रंग त्यांनी गिळून टाकला.

"बेस झालं," शालनबाई म्हणाल्या. "लोकरीचा स्वेटर काढते."

छावणी हिंदुरावांना वाटली होती त्याहून चांगली निघाली. पहाटे शिट्टी झाली आणि त्यांचे पाय त्यांच्या आधी उठले. लंगरात मोठ्या पातेल्यातली डाळ होती, तीच, जरा जळका वास असलेली, आणि वाढणाराही तसाच, ताटाकडे न बघता वाढणारा. शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे एक नाईक होते; त्यांची आणि हिंदुरावांची पलटण वेगळी, पण शिव्या एकच होत्या. संध्याकाळी दोन्ही बाजूंचे मिळून गुडघे मोजले तर निम्मे धातूचे भरले असते अशा दोन संघांत व्हॉलीबॉल झाला आणि हिंदुरावांनी चेंडू जाळीपलीकडे मारला. त्या रात्री ते इतके गाढ झोपले की सकाळी नाईकांनी नाडी तपासल्याची थट्टा केली. डॉक्टरांनी दिलेल्या मनगटपट्टीवर रक्तदाबाचा आकडा दिवसेंदिवस उतरत होता. आपण किती दिवसांनी कोणाची तरी मापं काढत, पोटभर हसलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना पुन्हा ती जुनी लाज वाटली.

शालनबाईंना ते रोज संध्याकाळी फोन करत. "चित्र नको, केस विस्कटल्यात," असं म्हणून त्या नुसत्या आवाजावर बोलत.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "हिकडं ऊन छान पडतंय. थंडी कशी ती न्हाईच. मी जेवते, झोपते. आठलाच डोळा लागतो. तुमी तिकडची काळजी घ्या."

हिंदुराव फोन हातात धरून तसेच बसले. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी स्वतःच ते बनवलं होतं. पंचविशीत वर चौकीवर जाताना त्यांनी घरी सांगितलं होतं की बदली राजस्थानात झाली आहे. म्हातारी आई आणि तरण्या बायकोच्या जिवाला घोर नको, म्हणून वाडीतले बहुतेक फौजी असंच काहीतरी सांगत. मग महिन्यातून एकदा चौकीवरच्या फोनवर पाळी येई तेव्हा दात कडकडू नयेत म्हणून जबडा घट्ट धरून ते म्हणत, इकडं ऊन फार, घामाच्या धारा लागल्यात, मी जेवतो, झोपतो. खोटं बोलायचं तर आधी हवापाण्याचं बोलावं आणि मग कोणी न विचारता जेवणाझोपेचं, हा त्यांचा तेव्हाचा नियम होता. शालन आज तो अक्षर न्‌ अक्षर पाळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छावणीच्या कर्नलसाहेबांना सॅल्यूट ठोकला आणि घरी जायची परवानगी मागितली. आठवडा पुरा व्हायचा होता. साहेब समजूतदार होते. "उत्तर या महिन्यात कळवा," एवढंच म्हणाले.

हिंदुराव दुपारी घरी पोचले तेव्हा शालनबाई मागच्या दारी शेंगा फोडत होत्या. आतली खाट रिकामी होती. अंथरूण बाहेरच्या खोलीत, पुढच्या दाराला अगदी खेटून पडलं होतं.

"ह्ये हितं कशापायी?"

"आत उकडतंय."

"मार्गशीर्षात?"

शालनबाईंनी शेंगांतून मान वर केली नाही. त्यांचा चेहरा उतरला होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. हिंदुराव खाली बसले, शेंगा फोडायला लागले आणि म्हणाले, "तुझा दात दाखवू."

"माझा कशाला? मी काय लढाईवर गेलते?"

"तू दाखवशील तर मी छावणीचं कळवीन. न्हाई तर न्हाई."

हा डाव बरोबर पडला. यांनी छावणीत जावं आणि चार वर्षं जास्त जगावं हे शालनबाईंच्या मनाने घेतलं होतं. स्वतःच्या दातापायी ते अडावं हे त्यांना पटणारं नव्हतं. गाडी पुन्हा वाडीत आली तेव्हा त्या नवं लुगडं नेसून निमूट खुर्चीत बसल्या, आणि काडी तोंडात असतानाही डोळ्यांनी हिंदुरावांना सुनावत राहिल्या.

डॉक्टर मुजावरांनी दोघांची परवानगी घेऊन दोन्ही दात पडद्यावर शेजारी शेजारी लावले. मग त्या एकदा एका दाताकडे आणि एकदा दुसऱ्याकडे बघू लागल्या.

"काय झालं?" हिंदुरावांनी विचारलं.

"काका, एका घरात, एका पाण्यावर राहणाऱ्यांचे दात थोडेफार सारखे दिसतात. तुमची लग्नानंतरची पहिली पंधराएक वर्षं बघा. एकाचं फिकट तिथे दुसऱ्याचं गडद. जणू एकमेकांना पाहिलंच नाही."

"पाह्यलं कुठं? वर्साला दोन महिने सुट्टी," शालनबाई म्हणाल्या.

हिंदुराव पडद्याजवळ गेले. त्यांच्या पांढऱ्या वलयाच्या शेजारी, त्याच साली, शालनबाईंच्या दातावर एक काळा पट्टा होता. त्यांच्या स्वतःच्या काळ्या पट्ट्याहून काळा.

"पण त्या साली तुला ठाऊकच नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मी राजस्थान सांगितलेलं. वर होतो ते तुला परत आल्यावर कळलं."

"बदाम कुणी पाठवले?"

"कुठले बदाम?"

"तुमच्या पलटणीतला मोळकर सुट्टीवर आला तवा त्याच्याबरोबर तुमी पिशवी दिली. बदाम, मनुका, त्ये चॉकलेट. स्वतः न खाता पोरीला साठवून ठेवलेलं. माझ्या थोरल्या चुलत जावेनं पिशवी बघितली आणि मटकन खाली बसली. तिचा नवरा आदी वर जाऊन आलेला. म्हणली, शालन, असली पाकिटं फकस्त बर्फातल्या चौकीवर देत्यात. राजस्थानात कोण बदाम वाटतंय?"

त्या पिशवीसाठी हिंदुरावांनी महिनाभर आपला वाटा तोंडात घातला नव्हता, आणि पोरगी किती खूश होईल हा विचार करत ते झोपत होते. लबाडी इतकी निगुतीने रचली आणि प्रेमापोटी तिचं भांडं स्वतःच्या हाताने फोडलं.

"मग फोनवर बोलली का न्हाईस?"

"तुमी येवढं ऊन ऊन म्हणून सांगत होता. म्हणलं, माझ्या जिवाला घोर नको म्हणून खोटं बोलतोय माणूस. मला कळलंय हे कळलं तर तुमाला आणि एक घोर. म्हणून मी बी ऊनच म्हणले. आणि दाराशी झोपायला लागले. तार आली, माणूस आला, तर आत्याबाईंच्या, तुमच्या आईच्या, आदी मला कळावं."

डॉक्टर पडद्याकडे बघत बसल्या. अशा वेळी डॉक्टरांनीही यंत्राकडे बघावं हे बरं.

"आणि ह्यांचं त्या सालचं कुठलं?" शालनबाईंनी विचारलं.

आता लपवायची सोय नव्हती. डॉक्टरांनी हिंदुरावांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि डॉक्टरांनी वलय दाखवलं.

"ह्ये तर पांढरंफटक हाय."

"व्हय," हिंदुराव म्हणाले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. "शालन, मी तिथं सुखात होतो. थंडी होती, बोटं गेली, सगळं खरं. पण मला भ्या वाटत न्हवतं. आमी लई हसायचो. तू हिकडं आईचं करत होतीस, पोरीला बघत होतीस, आणि मी तिकडं हसत होतो. कधी सांगायचं धाडस झालं न्हाई."

शालनबाई उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर करून त्यांनी ते पांढरं वलय निरखलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"म्हंजी तुमी तिथं घाबरून पडला न्हवता?"

"न्हाई."

"रडत न्हवता?"

"पत्त्यात हरल्यावर मोळकर रडला होता एकदा."

"देवा." शालनबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसले. "आवो, इतकी वर्सं मी रोज रात्री तुमच्या त्या पायाला तेल लावते. दर खेपेला मनात येतं, ह्या माणसानं तिथं येकट्यानं काय भोगलं असंल. तुमी सांगायचा फकस्त बोटांचं. बाकीचं मी मनानं रचत बसले, आणि त्ये लई वंगाळ रचलं. येवढं एक वाक्य सांगितलं असतं, की शालन, आमी हसत होतो, तर तवाच मी आत जाऊन झोपले असते."

हिंदुरावांना हे अपेक्षित नव्हतं. आपलं सुख हा बायकोवर केलेला अन्याय आहे असं धरून त्यांनी ते लपवलं, आणि तिला हवं होतं ते नेमकं तेच. त्यांनी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांसमोर असा हात ठेवायची ही पहिलीच वेळ होती.

शालनबाईंनी नाक पुसलं आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. "आणि माझं ह्ये पांढरं कुठल्या सालचं हो डॉक्टर? ह्यांचं काळंकुट्ट हाय तिथलं?"

डॉक्टरांनी साल सांगितलं. हिंदुरावांच्या निवृत्तीचं.

आता शालनबाईंची मान खाली गेली. "तुमी यष्टी स्टँडावर बसायचा त्ये मला म्हाईत होतं. कंडक्टर सांगायचे. तुमी झुरत होता. पण संध्याकाळी ताटावर समोर असायचा न्हवं? मला तेवढं पुरं होतं. आता बघा, तुमचं काळं आणि माझं पांढरं."

"फिट्टंफाट झाली," हिंदुराव म्हणाले, आणि शालनबाईंना हसू आलं.

डॉक्टरांनी वलयं पुढे सरकवली. कारखान्याच्या गेटची वर्षं, मुलीचं लग्न, आईचं जाणं. जसजशी वर्षं पुढे गेली तसे दोन्ही दात एकमेकांकडे सरकत गेले. एक थोडा काळवंडला की दुसराही, एक उजळला की दुसराही. शेवटच्या पंधरा-वीस वलयांत तर दोन दात कुठले ते वरचं नाव वाचल्याशिवाय कळेना.

"हे मी फार कमी जोडप्यांत पाहिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "रंगाचा फरक यंत्रालाही सापडत नाही."

"माझं आत्ताचं आणि चौकीवरचं, ह्यात किती फरक हाय?" हिंदुरावांनी विचारलं. "खरं सांगा."

डॉक्टरांनी दोन्ही एकाखाली एक ठेवली. "खरं सांगायचं तर चौकीवरचं जास्त शांत आहे, काका. घरातलं एक छटा गडद. छावणीत गेलात तर तुमचं पुन्हा उजळेल, आणि त्याचा फायदा तुम्हाला होईल. मी हे लपवणार नाही."

"जावा की मग," शालनबाई लगेच म्हणाल्या. "मला आता कळलंय, तुमी तिथं हसत असता. मी झोपंन."

"झोपशील. पर दाराशी."

शालनबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि हिंदुरावांना उत्तर मिळालं. तरी पहाटेची शिट्टी, जळक्या वासाची डाळ आणि खानापूरच्या नाईकांच्या शिव्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. ते सगळं त्यांना हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि ते सोडताना वाईटही वाटलं. माणूस दोन ठिकाणी सुखी असू शकतो, पण एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो.

"मॅडम, साहेबांना कळवा," ते म्हणाले. "हवालदार कणसे यांची जागा दुसऱ्याला द्या. मला एक छटा गडद चालंल."

"आवो, पण तुमची वर्सं..." शालनबाई म्हणाल्या.

"वर्सं दोघांची हायती. मी उजळलो आणि तू काळी पडलीस, तर हिशेब तोच झाला की जुना. त्यो येकदा करून बघितला."

डॉक्टर मुजावरांनी उत्तर पाठवलं आणि काकूंना दाताला कीड लागलीय, गूळ कमी करा, असं बजावलं. ते मात्र शालनबाईंनी मनावर घेतलं नाही.

दोघं गाडीतून उतरून घराकडे निघाली. हिंदुरावांची चाल डाव्या पायावर थोडी लचकत होती आणि शालनबाई नेहमीसारख्या दोन पावलं मागे न राहता बरोबरीने चालत होत्या. मारुतीच्या पारापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि कठड्यावर बसल्या.

"हं, सांगा आता."

"काय?"

"तिथं येवढं हसत कशाला होता त्ये."

हिंदुराव त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लोक नेहमी थंडीचंच विचारत.

"आमी श्रावणात वर गेलो," ते म्हणाले. "गणपती आले. मूर्ती कुठनं आणायची? मोळकरनं बर्फाचा गणपती कोरला, हातभर उंच. सोंड दोनदा तुटली, पाणी लावून चिकटवली. रोज आरती, डब्यातल्या शिऱ्याचा नैवेद्य. सगळं झालं झ्याक. आणि आली अनंत चतुर्दशी."

"मग?"

"मग विसर्जन कुठं करायचं? नदी बर्फाची, सगळीकडं बर्फ. पाणी पाहिजे तर स्टोव्हवर पातेलं ठेवून बर्फ वितळवायचा. मोळकर म्हणला, देवाला पातेल्यात घालू का? आणि त्या पाण्याचा चहा करायचा का? दोन दिवस ह्याच्यावर खलबत. शेवटी आमच्या चौकीच्या जेसीओ साहेबांनी निकाल दिला. विसर्जन न्हाई. आमची पाळी संपून दुसरी पलटण आली, तवा साहेबांनी त्यांना रीतसर चार्ज दिला. स्टोव्ह दोन, दोर येवढा, दुर्बीण येक, गणपती येक. त्यांच्या साहेबानं सगळं बघून घेतलं आणि गणपतीला सॅल्यूट करून सही केली."

शालनबाई आधी नुसत्या बघत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. समोरून भोईट्यांची सून पाण्याचा जार घेऊन चालली होती. पारावर बसून हसणारी म्हातारा-म्हातारी बघून ती थबकली आणि पुढे गेली.

"आणि पुढं?" शालनबाईंनी डोळे पुसत विचारलं. "त्या दुसऱ्या पलटणीनं काय केलं?"